घरचं धरायचं नाही

शाळेत आईला बाई म्हणायचं, हे मी पहिलीतच शिकले. एकदा भर वर्गात "आई, पाणी पिऊन येऊ?" असं तोंडून निघून गेलं, तेव्हा तिने खडू खाली ठेवला आणि "इथे कोणाची आई नाही, बाई आहेत," असं म्हणून पुढचं गणित फळ्यावर घातलं. सगळा वर्ग हसला. घरी गेल्यावर ती मला जवळ घेऊन काहीतरी समजावेल म्हणून मी वाट पाहिली, पण घरी तिला वह्या तपासायच्या होत्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आमच्या घरात उलटी लागू होती. वर्गात चौघी बोलत असल्या तरी शिक्षा म्हणून पहिली उभी मी राहायचे. गॅदरिंगच्या नाचात मी मागच्या रांगेत. बाईंची मुलगी म्हणून पुढे केली असं लोकांनी म्हणता कामा नये, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही कोणी 'लोक काय म्हणतील' म्हटलं की माझं डोकं उठतं. त्या लोकांपैकी एकालाही मी आजवर पाहिलेलं नाही.

आम्ही परळला, गिरणीच्या मागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. आई ठाकूरद्वारची. तिच्या माहेरी बोलणं सावकाश आणि स्वच्छ, आणि जेवण बेताच्या तिखटाचं. लग्न होऊन ती गिरणगावात आली तरी या दोन्ही गोष्टी तिने सोडल्या नाहीत. सकाळी नळ यायच्या आधी बादल्यांचा खणखणाट, मग भोंगा, मग मधल्या गॅलरीतून चपलांची फटफट, मग आमच्या बाबांच्या गुळण्या, अशा क्रमाने आमचा दिवस उजाडायचा. बाबा पोस्टात होते. ते स्वभावाने थट्टेखोर, आणि घरात आवाज आईचा चालतो हे त्यांनी केव्हाच आनंदाने मान्य केलेलं. आईचा स्वयंपाकही शाळेच्या वेळापत्रकासारखा होता, कोणत्या वारी कोणती उसळ हे मला झोपेतही सांगता आलं असतं. शनिवारी मात्र खिचडी, कारण शनिवारी दुपारी तिची अर्धशिशी उठायची. ती आतल्या खोलीत खिडकी लावून पडायची. मी सहाणेवर सुंठ उगाळायचे आणि बोटाने तिच्या कपाळावर लेप लावायचे. लेप सुकेपर्यंत मी उशाशी बसून राहायचे. मधूनच उगाच "आई" म्हणायचे, ती डोळे न उघडता "हं" म्हणायची. अख्ख्या आठवड्यात तेवढा वेळ माझा होता, आणि सुंठेच्या वासाने माझ्या तोंडाला अजून पाणी सुटतं ते त्यामुळे.

तिची अर्धशिशी शनिवारीच का उठायची, तर शनिवारी शाळा सुटल्यावर पथक भरायचं. मुलांचं ते कब आणि मुलींचं ते बुलबुल. कब चित्रकलेच्या सरांकडे होते आणि मैदानाच्या त्या टोकाला नुसते ओरडत असायचे. बुलबुल आईकडे. तिसरी-चौथीतल्या आम्ही मुली, फिका निळा फ्रॉक, गळ्यात स्कार्फ आणि तो अडकवायला चामड्याची कडी. सहा-सहा जणींचा एक गट, त्याला षटक म्हणायचं, आणि प्रत्येक षटकाला एक नायिका. गोल करून उभं राहायचं, वचन म्हणायचं, मग शेजारणीशी डाव्या हाताने हात मिळवायचा. डावाच का, तर तो काळजाच्या बाजूचा, असं आई सांगायची. पुढे खेळ, गाणं, गोष्ट. आणि शिकायचं कितीतरी असायचं: दोन दोऱ्या जोडायची गाठ, तुटलेलं बटण लावणं, कापलं-भाजलं तर काय करायचं, घड्याळ वाचणं, पत्ता विचारणाऱ्याला नीट रस्ता सांगणं. एकेक टप्पा पुरा झाला की फ्रॉकवर शिवायला बिल्ला मिळायचा. परीक्षा आईच घ्यायची. बाकीच्यांनी लावलेलं बटण ती नुसतं बघायची, माझं ओढून बघायची.

या सगळ्याच्या मुळाशी होतं रोजचं सत्कृत्य. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि दिवसभरात कोणाच्या तरी उपयोगी पडायचं, ही पद्धत. आठवडाभर जिची तिने घरी गाठ सोडावी, पण शनिवारची गाठ गोलात सुटायची. एकेकीने पुढे यायचं, आठवडाभरात केलेलं एखादं सत्कृत्य मोठ्याने सांगायचं, आणि बाई वाकून स्वतःच्या हाताने गाठ सोडायच्या. सोडून झाली की स्कार्फचं टोक त्या अंगठ्याने सरळ करायच्या. चाळीतल्या बायकांना आमचा शनिवार चांगलाच माहीत झाला होता. नळावर कोणी हंडा खाली ठेवला की दोन-तीन बुलबुल त्यावर झडप घालायच्या, आणि हंडा वाचवायचा म्हणून बायका तो कडेवरून उतरवतच नसत. माझी नात हल्ली दादरच्या शाळेत बुलबुलमध्ये आहे. तिच्या आईला प्रत्येक सत्कृत्याचा फोटो काढून मोबाईलवर पाठवावा लागतो. परवा नातीने मला पाण्याचा पेला आणून दिला आणि फोटो नीट आला नाही म्हणून परत नेला.

आईचा या बाबतीत एक नियम होता आणि तो तिचा स्वतःचा होता. घरचं धरायचं नाही. घरच्या माणसाचं काम करणं हे कर्तव्य, परक्याचं काम करणं हे सत्कृत्य. माझी पाळी आली की ती विचारायची, "घरचं की बाहेरचं?" मी खोटं बोलू शकत नव्हते, कारण मी घरी काय केलं हे तिने स्वतः पाहिलेलं असायचं. "घरचं," मी म्हणायचे. "मग बाहेरचं काही कर आणि ये," असं म्हणून ती पुढच्या मुलीकडे वळायची, आणि मी गाठ तशीच लोंबत ठेवून गोलात परत जायचे. मला बाहेरचं काही करायला वेळच कुठला होता? पहाटेपासून मी तिचंच काम करत असायचे. डबे भरणं, पथकाच्या दोऱ्या सुटल्या असतील तर गुंडाळणं, तिचा चष्मा शोधणं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मला फार लवकर कळलं.

कुंदा माझ्याच वर्गात, माझ्याच षटकात. लालबागच्या कोपऱ्यावरच्या चाळीत राहायची. तिची आई गावाकडून आलेल्या गिरणीतल्या माणसांची खानावळ घरातच चालवायची. कुंदा हसरी होती, हाताची चपळ होती आणि कोणालाही आवडेल अशी होती, हे माझं दुर्दैव. एका शनिवारी पथक संपल्यावर ती दोऱ्यांची पिशवी पोचवायला आमच्या घरी आली. मला आईने रॉकेलच्या रांगेत पाठवलं होतं. डबा घेऊन जिना चढून आले, आतल्या खोलीत डोकावले, तर आईच्या उशाशी कुंदा बसलेली. सहाण तिच्यापुढे, बोट सुंठेने भरलेलं. आईच्या कपाळावरचा लेप माझ्यापेक्षा नीट होता, कडा एकसारख्या.

"आई, मी आले," मी म्हटलं.

"हळू बोल," आई डोळे मिटूनच म्हणाली. "कुंदाने लावलंय आज. तू खिचडीचं बघ."

मी खिचडीचं बघितलं. तांदूळ धुताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पुढच्या शनिवारी गोलात कुंदा पुढे गेली आणि म्हणाली, "बाई, मागच्या शनिवारी पथकानंतर तुमचं डोकं दुखत होतं, मी सुंठ उगाळून लावली." आईला जरा संकोच वाटला असावा. पण कुंदा परकी, म्हणजे ते सत्कृत्यच. आईने वाकून तिची गाठ सोडली आणि टोक अंगठ्याने सरळ केलं. मी दोन वर्षं दर शनिवारी तीच सुंठ उगाळत होते.

घरी मी तोंड उघडलं. "मी लावलं तर कर्तव्य आणि तिने लावलं तर सत्कृत्य?"

"अगदी बरोबर," आई म्हणाली. विद्यार्थिनीला मुद्दा समजल्यावर बाईंना होतो तसा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

बाबा पेपरामागून म्हणाले, "शुभे, तुझ्या आईच्या कायद्यात नातेवाइकांना सवलत नाही. मी लग्नापासून गाठ मारून बसलोय."

मला हसू आलं नाही. त्यानंतर कुंदा दर शनिवारी येऊ लागली. ती आली की आई मला काही ना काही आणायला खाली पाठवायची, कारण एका कपाळाला दोन मुली लागत नाहीत. एकदा मी मुद्दाम जिन्यातच बसून राहिले. आतून आईचा आवाज येत होता, ती कुंदाला माहेरच्या वाडीतलं काहीतरी सांगत होती, विहिरीत पडलेल्या मांजराची गोष्ट. ती गोष्ट मला माहीत नव्हती. माझ्या आईच्या लहानपणातली गोष्ट कुंदाला आधी कळली, हे मी अजून विसरलेले नाही. लोक म्हणतात वयाबरोबर मत्सर निवतो. वयाबरोबर गुडघे जातात, एवढंच मला ठाऊक आहे.

मग आमच्या षटकाची नायिका निवडायची वेळ आली. माझे बिल्ले कुंदापेक्षा जास्त होते, दोऱ्यांच्या गाठी मला डोळे मिटून यायच्या, आणि मला नायिका व्हायचं होतं, अगदी मनापासून. आईने गोलात कुंदाचं नाव घेतलं. तिच्या बाहीवर पट्टी लावताना आईचं तोंड माझ्याकडे नव्हतं. माझं नाव घेतलं असतं तर ते लोक, तेच ते न दिसणारे, काहीतरी म्हणाले असते. कुंदा परत येऊन नायिकेच्या जागी, माझ्या पुढे उभी राहिली. मी तिच्या मानेकडे बघत वचन म्हटलं, सगळ्यांना मदत करण्याचं.

त्याच दुपारी मी घरी न जाता लालबागला गेले. काही ठरवून नव्हे. कुंदा आमच्या घराकडे वळताना दिसली आणि माझे पाय उलट्या दिशेला वळले. कोपऱ्यावर मसाला कुटायचे डंख चालू होते, मिरचीचा खाट उडत होता, शिंकत शिंकत मी कुंदाच्या चाळीत शिरले. तिची आई दारातच लसणाची परडी घेऊन बसली होती. अंगाने भरलेली, कपाळाला मोठं कुंकू, आवाज चार खोल्यांपलीकडे जाईल असा, बोलणं मालवणी.

"कुंदा नाय गो घरात. तुझ्याकडेच गेली ती, बाईंकडे."

"मी तुमच्याकडे आलेय, काकी. काही काम असलं तर सांगा."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. "माझ्याकडे? आवशीन धाडल्यान तुका?"

"नाही, आईने नाही पाठवलं. सत्कृत्य आहे."

ते काय असतं हे त्यांनी विचारलं नाही. परडी माझ्याकडे सरकवली. "मग सोल. माझी कुंदा ह्या बघून पळता. आणि बाईंचा चेडू माझ्या दारात लसूण सोलता, लोक काय म्हणतले?" असं म्हणून त्या मनसोक्त हसल्या. त्या वाक्यावर कोणी हसू शकतं, हे मला नवीन होतं. लसूण झाल्यावर त्यांनी मला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार वाढलं. खिचडीच्या शनिवारी मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट खाल्लं, आणि त्या पंख्याने वारा घालत "पानी पी, पानी पी" करत बसल्या होत्या. खानावळीतली माणसं यायच्या आधी त्यांनी माझं डोकं बघितलं. माझी वेणी मीच घालायचे. स्वावलंबन म्हणून आईने पहिलीतच शिकवली होती, आणि भांग रोज वाकडा पडायचा. "तेल घालूक कोण नाय काय गो तुका? बस हंयसर," म्हणून त्यांनी मला गुडघ्यांत धरून बसवलं. खोबरेल कोमट केलेलं होतं. त्यांची बोटं केसांतून फिरायला लागली तशी मला झोप येऊ लागली. बोटं जाड होती, मिरचीने भाजलेली, पण केस ओढला जात नव्हता.

पुढच्या शनिवारी आईने विचारलं, "घरचं की बाहेरचं?" आणि मी मोठ्याने म्हटलं, "बाहेरचं. कुंदाच्या आईला लसूण सोलून दिला." आईचा हात क्षणभर थांबला. मग तिने माझी गाठ सोडली. मी मात्र कुंदाकडे बघत होते. तिचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि ते बघून मला जे बरं वाटलं ते लेपापेक्षा, बिल्ल्यापेक्षा आणि नायिकेच्या पट्टीपेक्षाही जास्त होतं.

तेव्हापासून दर शनिवारी कुंदा आमच्या घरी आणि मी तिच्या घरी. वाटेत गिरणीच्या भिंतीपाशी आमची गाठ पडायची. आम्ही बोलायचो नाही. एकदाच ती थांबली.

"माझ्या आईकडे का जातेस तू?"

"तू माझ्या आईकडे का जातेस?"

"त्या बाई आहेत."

"आणि त्या काकी आहेत," मी म्हटलं. आम्ही दोघी आपापल्या वाटेने, म्हणजे एकमेकींच्या घरी निघून गेलो. कुंदाची आई तिच्यासाठी ठेवायची ती बांगड्याची तुकडी आता माझ्या पानात यायची, आणि कुंदाला ते घरी गेल्यावर वासावरून कळायचं. हे मला कुंदानेच पुढे सांगितलं, आम्ही दोघी आज्या झाल्यावर. तेव्हाही ती हसत सांगत नव्हती.

एका शनिवारी मला तिथून उठवेना. दिवे लागायची वेळ झाली. खानावळीतली दोघं माणसं भिंतीला टेकून बसली होती, काकींनी तवा उतरवून मला गुडघ्यांत घेतलं होतं आणि एक वेणी घालून झाली होती. दारात सावली पडली म्हणून मी मान वर केली, तर आई. कपाळावर कुंदाचा लेप अर्धा पुसलेला, चपला पायातच. अर्धशिशी घेऊन ती लालबागपर्यंत चालत आली होती.

"येवा बाई, बसा," काकी उठू लागल्या.

"नको, उठू नका. हिला न्यायला आले. घरी वेळेवर येत नाही अलीकडे."

"ऱ्हवांदे हो. गुणाचा चेडू तुमचा. माझ्या कुंदाक तुमी ठेवन घेवा आणि ह्या माका देवन टाका."

भिंतीपाशी बसलेली माणसं हसली. मीही हसले. आई हसली नाही. ती माझ्या डोक्याकडे बघत होती, त्या एका घातलेल्या वेणीकडे आणि काकींच्या हातातल्या मोकळ्या केसांकडे. ते बघणं मला ओळखता आलं, कारण मी कित्येक शनिवार तसंच बघत आले होते. माझ्या न्यायी, सगळ्यांना सारखं धरणाऱ्या, लोक काय म्हणतील म्हणणाऱ्या आईच्या पोटात दुखत होतं. माझ्यासाठी. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. मी मारली नाही, तशीच बसून राहिले, दुसरी वेणी पुरी होऊ दिली, आणि मग काकींच्या पाया पडून सावकाश चपला घातल्या.

वाटेत तिने माझा हात धरला नव्हता, पण ती माझ्याइतकीच हळू चालत होती. घरी आल्यावर बाबांनी काही विचारायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून मिटलं. आई मला आतल्या खोलीत घेऊन गेली, पाट मांडला, मला त्यावर बसवलं आणि स्वतः मागे खाली बसली. तिने काकींनी घातलेल्या दोन्ही वेण्या सोडल्या. केस चांगले तेल प्यालेले होते, गुंता नव्हता, विंचरायला काहीच कारण नव्हतं. तरी तिने फणी घेतली. तिला माझ्या केसांची सवय नव्हती. भांग तिला तीनदा पुसून पुन्हा पाडावा लागला, आणि वेणीचे पेड ती इतके घट्ट ओढत होती की माझ्या कपाळाची कातडी मागे जात होती. मला दुखत होतं. मी हूं की चूं केलं नाही.

"उद्यापासून तुझी वेणी मी घालीन," ती म्हणाली.

"सत्कृत्य म्हणून?"

"गप्प बस."

बाहेर बाबांनी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. आईचे हात चालू होते. मग ते मंदावले, आणि बाईंच्या आवाजात नव्हे, ठाकूरद्वारच्या त्या सावकाश बोलण्यातही नव्हे, मी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात तिने मागून विचारलं, "कुंदाच्या आईचा हात माझ्यापेक्षा हलका आहे का गं?"

खोटं बोलू नये, हे तिनेच मला शिकवलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला दुसरं काही बोलायचंही नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

अर्धी घालून झालेली वेणी आईने सोडली, फणी उचलली आणि पुन्हा वरून सुरुवात केली.